कुत्र्याचा विमा काढावा का? सुरुवात गायीच्या कानातल्या बिल्ल्यापासून

जुलैतल्या एका रविवारी सिंहगडाच्या पायथ्याशी आम्ही भाजलेली कणसं खाल्ली आणि दाणे संपल्यावर उरलेला एक दांडा आमच्या चिकूनं गिळला. आम्हाला ते कळलं मंगळवारी. सोमवारी तो दोनदा ओकला तेव्हा ‘पावसाळा आहे, गवत खाल्लं असेल’ म्हणून मी त्याला दहीभात दिला होता. मंगळवारी पोटात पाणीही ठरेना. एक्स-रे, सोनोग्राफी, रात्री आतड्याचं ऑपरेशन, मग तीन दिवस सलाईन. कुत्रा वाचला. बिल झालं ६२ हजार रुपये.

सोसायटीच्या ग्रुपवर लगेच दोन तट पडले. ‘विमा काढायचा ना आधी’ म्हणणारे एका बाजूला आणि ‘कुत्र्याचा विमा? पैसे जास्त झालेत का?’ म्हणणारे दुसऱ्या बाजूला. पण खरा प्रश्न विचारला वाळव्याच्या माझ्या चुलतभावानं. तो फोनवर म्हणाला, “अगं, माझ्या जर्सीच्या कानात बिल्ला हाय. उद्या मेली तर कंपनी पैसं देती. तुझ्या कुत्र्याचा इमा न्हाई व्हय?”

दादाला उत्तर द्यायला मला महिना लागला. तेवढ्या दिवसांत पॉलिसींची बारीक अक्षरं वाचून जे समजलं, ते इथं मांडते आहे.

हा प्रश्न आत्ताच का उभा राहिला

कारण वीस-पंचवीस वर्षांपूर्वी एवढं बिल होऊच शकत नव्हतं. तो उपचारच बहुतेक शहरांत मिळत नव्हता. आतडं अडलेलं कुत्रं दोन-तीन दिवसांत जायचं आणि घरातले म्हणायचे, काहीतरी विषारी खाल्लं असेल. परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून प्राण्यांवर उपचार करत आलंय, पण ते मुंबईत. बाकी महाराष्ट्रात जनावरांचा डॉक्टर म्हणजे गायी-म्हशींचा डॉक्टर. आता पुण्या-मुंबईत, नाशकात, कोल्हापुरातही प्राण्यांची सोनोग्राफी होते, मोडलेल्या पायात प्लेट बसते. मुंबईत महालक्ष्मीला २०२४ मध्ये टाटा ट्रस्ट्सनं लहान प्राण्यांसाठी पाच मजली रुग्णालय सुरू केलं.

उपचार आले, म्हणून बिलं आली. पूर्वी नशिबावर सोडायचो ते आता खिशावर सोडावं लागतं. विम्याचा प्रश्न सुरू होतो तो इथून.

गाय मेली तर नुकसान, कुत्रा जगला तर खर्च

दादाच्या गायीचा विमा समजायला सोपा आहे. गायीची बाजारातली किंमत ठरवतात, त्यावर विम्याचा हप्ता काढतात, कानात क्रमांकाचा बिल्ला मारतात. गाय मेली की डॉक्टरचा शवविच्छेदनाचा दाखला आणि बिल्ल्यासकट फोटो देऊन पैसे मागायचे. बिल्ला हरवला तर काही मिळत नाही. ‘बिल्ला नाही तर क्लेम नाही’ हे गोठ्यातलं प्रत्येक पोर जाणतं. सरकार या हप्त्याला अनुदान देतं. राष्ट्रीय पशुधन अभियानात २०२४ मध्ये बदल झाला आणि शेतकऱ्याचा वाटा हप्त्याच्या १५ टक्क्यांवर आला.

हा झाला मृत्यूचा विमा. गाय हे उत्पन्नाचं साधन, ते गेलं तर दुसरं आणायला पैसे हवेत. हिशेब चोख.

आपल्याकडच्या सरकारी विमा कंपन्यांच्या कुत्र्यांच्या जुन्या पॉलिसी बऱ्याच अंशी याच साच्यातल्या होत्या: कुत्र्याची किंमत, डॉक्टरचा दाखला, मेला तर पैसे. महागड्या जातीचं कुत्रं पाळणाऱ्याला किंवा पिल्लांची पैदास करणाऱ्याला त्यात अर्थ होता. चिकू मात्र आम्हाला पद्मावतीला एका बंद स्कूटरखाली सापडला. त्याचा बाजारभाव शून्य. आणि तो गेला तर चेक घेऊन मी काय करणार?

पाळीव प्राण्याच्या बाबतीत पैशाचं नुकसान मरणात नसतं, वाचवण्यात असतं. म्हणून दुसरा प्रकार आला, उपचाराचा विमा. ऑपरेशन झालं, दवाखान्यात ठेवावं लागलं, तर त्या बिलातला काही भाग कंपनी देते. भारतात २०२० च्या आसपास काही खासगी कंपन्यांनी अशा पॉलिसी आणल्या, तेव्हापासून त्यांची चर्चा वाढली. स्वीडनमध्ये कुत्र्याची पहिली पॉलिसी निघाली होती १९२४ साली. तिकडे आज कुत्रं पाळणं आणि त्याचा विमा काढणं जवळजवळ एकच गोष्ट आहे.

जाहिरातीत हे दोन्ही प्रकार ‘पेट इन्शुरन्स’ या एकाच नावाखाली असतात. काही पॉलिसींत मृत्यूची रक्कम मोठ्या अक्षरांत आणि उपचाराची मर्यादा आतल्या पानावर. ‘एक लाखाचं संरक्षण’ वाचून खूश होण्याआधी त्यातले उपचाराला किती, ते शोधावं.

उलटी भिशी

विमा चालतो कसा? भिशी सगळ्यांना माहीत आहे. दहा जणी दरमहा पैसे टाकतात, प्रत्येकीचा नंबर कधी ना कधी लागतो. विमा ही उलटी भिशी. इथंही सगळे पैसे टाकतात, पण आपला नंबर लागू नये अशीच प्रत्येकाची इच्छा असते.

समजा, शंभर कुत्र्यांचे मालक वर्षाला प्रत्येकी ४ हजार रुपये टाकतात. जमले ४ लाख. त्यातून एजंटचं कमिशन, कचेरीचा खर्च, कंपनीचा नफा मिळून १ लाख २० हजार गेले असं धरू. उरले २ लाख ८० हजार. त्यात सात कुत्र्यांना ४०-४० हजार देता येतात. उरलेल्या त्र्याण्णव मालकांना त्या वर्षी छदामही मिळत नाही. हे आकडे समजण्यापुरते आहेत, पण घडण अशीच असते.

‘मला पैसे परत मिळतील का?’ या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. बहुतेकांना नाही मिळणार. मिळत असते तर कंपनी बुडाली असती. म्हणून ‘वर्षाला डॉक्टरवर माझे पाच हजार जातात आणि हप्ता चार हजार, म्हणजे एक हजार वाचले’ हा हिशेब मुळातच चुकीचा आहे. लसी, जंताच्या गोळ्या, नखं कापणं हे ठरलेले खर्च. विम्यातून करायला गेलात तर कंपनीची दलाली देऊन स्वतःचेच पैसे परत घ्याल. आपण विचारायचं ते वेगळं: कोणत्या बिलानं माझं कंबरडं मोडेल, आणि हा कागद नेमकं तेच बिल भरणार आहे का?

बासष्ट हजारांचं गणित

इथं थोडे शब्द लागतील. वर्षाला भरायचा हप्ता तो प्रीमियम. माणसांच्या वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला, पण ती सवलत कुत्र्या-मांजरांना नाही, त्यामुळे सांगितलेल्या हप्त्यात कर धरला आहे का ते विचारा. कंपनी जास्तीत जास्त देईल ती मर्यादा. मंजूर बिलातला जो ठरावीक टक्का आपल्याच खिशातून जातो तो को-पे. आणि पॉलिसी घेतल्यावर आजारपणाचे पैसे न मिळणारे सुरुवातीचे दिवस म्हणजे प्रतीक्षा काळ. साधारण दोन आठवड्यांपासून महिनाभर, काही आजारांना त्याहून जास्त.

आता चिकूचंच बिल घेऊ. माझ्याकडे उपचारासाठी ४० हजारांची मर्यादा आणि २० टक्के को-पे असलेली पॉलिसी असती तर?

६२ हजारांतले साधारण ७ हजार आधीच बाद होतात. गळ्यात घालायचा प्लॅस्टिकचा कोन, खास खाण्याचे डबे, हातमोजे, नोंदणीची फी वगैरे. मंजुरीयोग्य उरले ५५ हजार. त्याचे २० टक्के म्हणजे ११ हजार माझे. उरले ४४ हजार. मर्यादा ४० ची, म्हणून मिळाले ४० हजार.

पण कंपनीनं गणित उलट्या क्रमानं केलं तर? आधी मर्यादा लावली, ५५ चे झाले ४०. मग त्यावर २० टक्के को-पे कापला. मिळाले ३२ हजार.

तोच कुत्रा, तेच बिल, तोच हप्ता. ‘आधी काय’ एवढ्या एका ओळीनं आठ हजारांचा फरक. विकणाऱ्या मुलाला मी हे विचारलं तेव्हा तो म्हणाला, “मॅडम, सिस्टीम करते ते.” सिस्टीम काय करते हे ईमेलवर लेखी मागा.

काही स्वस्त पॉलिसींत एका आजाराला मिळून दहा-वीस हजारांचीच मर्यादा असते. तशा पॉलिसीत मला ६२ पैकी फार तर वीस मिळाले असते. आजाराला वीस हजार लागले असते तर मी कसेबसे भरले असतेच. मला झोप लागत नव्हती ती उरलेल्या बेचाळीससाठी. जी पॉलिसी लहान बिल उचलते आणि मोठं बिल अंगावर टाकते ती छत्री रिमझिमीत उघडते आणि मुसळधार पावसात मिटते.

‘दाखल’ या शब्दाची गंमत

महाराष्ट्रात पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत कुत्र्यांच्या दवाखान्यांत सगळ्यात जास्त दिसणाऱ्या आजारांत गोचीड ताप येतो. गोचीड चावते, रक्तात जंतू जातात, कुत्रं खाणं सोडतं, प्लेटलेट्स उतरतात. वेळेत कळलं तर गोळ्या-इंजेक्शनांवर बरं होतं. रक्ताच्या तपासण्या, रोजची सलाईन, आठवड्याभराच्या फेऱ्या मिळून खर्च बऱ्यापैकी होतो.

आता पॉलिसी काढून वाचा. पुष्कळ ठिकाणी ‘किमान २४ तास दाखल’ अशी अट सापडते. आपल्याकडच्या बहुतेक दवाखान्यांत रात्री कुत्रं ठेवायची सोयच नाही. सकाळी नऊला सलाईन लावतात, आपण स्टुलावर बसतो, दुपारी ते कुत्रं कुशीत घेऊन घरी येतो, उद्या परत. पाच दिवस. कागदावर तो एकदाही ‘दाखल’ झालेला नसतो. म्हणजे इथला सगळ्यात नेहमीचा आजार आणि इथली नेहमीची उपचारपद्धत, दोन्ही पॉलिसीच्या बाहेर.

दाखल न होता घेतलेल्या, म्हणजे बाह्य उपचारांची जोड (मूळ पॉलिसीला जोडून घ्यायचं जादा संरक्षण) जास्त हप्ता भरून मिळू शकते. तिची मर्यादा मात्र बघून घ्या.

लसीचंही तसंच. पार्व्हो, डिस्टेंपर, लेप्टोस्पायरोसिस, रेबीज यांच्या लसी वेळेवर दिल्याची नोंद नसेल तर त्या आजारांचे पैसे मिळत नाहीत. यात मला कंपनीची चूक दिसत नाही. पण ‘लस दिलीय हो, डॉक्टरांना विचारा’ चालत नाही. तारीख, लसीच्या बाटलीवरचं स्टिकर आणि सही असलेलं पुस्तक लागतं. गायीचा बिल्ला, कुत्र्याचं लसीचं पुस्तक.

“मी दरमहा पैसे बाजूला टाकीन की”

हा आक्षेप सगळ्यात वजनदार, आणि तो घेणाऱ्यांपैकी मीही एक होते. वर्षाला चार-पाच हजार कंपनीला देण्यापेक्षा पोस्टात टाकू. नाही लागले तर आपलेच.

बरोबर आहे, फक्त आकडा लिहून बघा. महिना ४०० रुपये टाकले तर ६२ हजार जमायला जवळपास तेरा वर्षं लागतात. कुत्र्याचं अख्खं आयुष्यच तेवढं असतं. आणि कणसाचा दांडा तेरा वर्षं थांबत नाही. पिल्लं आणि तरणी कुत्रीच मोजे, चेंडू, दांडे गिळतात. दुसऱ्याच वर्षी गरज पडली तर खात्यात असतील साडेनऊ हजार.

हाच निधी महिना दोन हजारांचा असेल, किंवा सुरुवातीलाच तीस-चाळीस हजार वेगळे ठेवता येत असतील, तर गोष्ट पार बदलते. मग विम्याची निकड बरीच कमी होते.

पण निधी की विमा अशी ही निवडच नाही, हे मला उशिरा कळलं. आपल्याकडे कुत्र्यांच्या विम्यात माणसांसारखी कॅशलेस सोय क्वचित. आधी बिल आपण भरायचं, मग कागद पाठवायचे, मग पैसे येतात. म्हणजे मंगळवारी रात्री अकराला काउंटरवर ६२ हजार मलाच भरायचे होते, पॉलिसी असती तरी. ज्याच्याकडे त्या रात्री पैसे नाहीत, क्रेडिट कार्ड नाही, उसने देणारा भाऊ नाही, त्याला विम्यानंही लगेच वाचवलं नसतं. आधी निधी, मग विमा. विमा तो निधी पुन्हा भरून देतो, एवढंच त्याचं काम.

“गावठी कुत्र्याला काय होतंय?”

अर्धं खरं आहे. काही जातींची दुखणी जन्मजात ठरलेली असतात. लॅब्रॅडोर आणि जर्मन शेफर्ड यांच्या खुब्याचे सांधे, डॅशहंडच्या पाठीचा कणा, पगचा श्वास. अशा जातीचं पिल्लू आणत असाल तर विम्याचा विचार पहिल्या महिन्यातच करावा. पण जन्मजात किंवा आनुवंशिक आजार वगळले आहेत का ते आधी पाहा. लॅब्रॅडोरच्या पॉलिसीतून खुबाच वगळला असेल तर उरलं काय?

गावठी कुत्री या बाबतीत कणखर. पण गोचीड, गाडी आणि कणसाचा दांडा जात विचारत नाहीत. नसबंदी न केलेल्या कुत्रीच्या गर्भाशयात पू होणं हा आजार तर गावठी-विलायती सगळ्यांना होतो आणि त्यावर तातडीचं ऑपरेशन लागतं. योग्य वयात नसबंदी केली की तो धोका जवळजवळ संपतो; त्या आजारावर कुठल्याही पॉलिसीपेक्षा स्वस्त विमा तोच.

मांजरांसाठी पर्याय अजून थोडे आहेत. बहुतेक पॉलिसी कुत्र्यांभोवती बेतलेल्या. मांजरवाल्यांनी निधीवरच भर द्यावा असं मला वाटतं.

म्हातारपणी दार बंद

कुत्र्याचा डॉक्टरवरचा खर्च आयुष्याच्या दोन टोकांना जास्त असतो. पिल्लूपणी पार्व्हो आणि गिळलेल्या वस्तू. म्हातारपणी मूत्रपिंड, हृदय, गाठी, सांधे. मधली पाच-सहा वर्षं बरीचशी शांत.

नवी पॉलिसी साधारणपणे दोन-तीन महिन्यांच्या पिल्लापासून सात-आठ वर्षांच्या कुत्र्यापर्यंत मिळते. ग्रेट डेनसारख्या अवाढव्य जातींना हे दार आणखी लवकर लागतं. नूतनीकरणही ठरावीक वयापर्यंतच, बऱ्याच ठिकाणी दहाच्या आसपास. म्हणजे शांत वर्षांत हप्ते भरायचे आणि खर्चाची वर्षं आली की निरोप. माझ्या मते भारतातल्या आजच्या पॉलिसींचा सगळ्यात मोठा दोष हाच. घेताना ‘कितव्या वर्षी सुरुवात’ सगळेच विचारतात; ‘कितव्या वर्षी शेवट’ हे विचारायला हवं.

आठ-नऊ वर्षांचं कुत्रं असेल, किंवा आधीच मधुमेह, मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर नव्या पॉलिसीच्या मागे लागू नका. आधीपासूनचे आजार वगळले जातातच. चिकूच्या आतड्याचंही आता तसंच होईल. तहान लागल्यावर विहीर खणायला निघालेल्यांसाठी विमा नाही. सगळे आजारी कुत्र्यांचेच मालक आत आले तर उलटी भिशी चालणार कशी?

“कंपन्या क्लेम देतच नाहीत”

देतात, आणि नाकारतातही. नाकारण्याची बरीच कारणं आपल्याकडच्या दवाखान्यांच्या सवयींतच लपलेली असतात. अनेक चांगले डॉक्टर फी घेतात आणि चिठ्ठीवर फक्त औषधं लिहितात. पावती मागितली तर थोडे दुखावतात. औषधं कोपऱ्यावरच्या माणसांच्या मेडिकलमधून येतात, बिलावर रुग्णाचं नाव म्हणून माझं नाव. कंपनीला हवी असते राज्य पशुवैद्यक परिषदेकडे नोंदणी असलेल्या डॉक्टरची सही-शिक्क्याची पावती, नोंदणी क्रमांक, निदान लिहिलेला कागद, तपासण्यांचे अहवाल, आणि कुत्रा तोच आहे याचा पुरावा. मायक्रोचिप असेल तर ओळखीचा प्रश्न मिटतो. नसेल तर दोन्ही बाजूंनी फोटो आणि महापालिकेचा परवाना.

परवाना पुण्या-मुंबईत तसाही काढायचाच असतो. किती जण काढतात, ते सोडा.

क्लेम चुकीच्या कारणानं नाकारला असं वाटलं तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी जा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं. मुंबईत आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत. फी नाही, वकील लागत नाही. पाच-दहा हजारांसाठी कोण जाईल, असं आपल्याला वाटतं. कंपन्यांनाही तसंच वाटत असतं.

कुत्रा चावला तर?

हा भाग कुणी वाचत नाही. जिन्यात कुत्रं कुणाला चावलं आणि नुकसानभरपाई द्यावी लागली, तर ती देणारी जोड काही पॉलिसींत असते. घरातल्याच माणसाला चावलं तर ती लागू होत नाही. आणि भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ वेगळंच: प्राण्याबाबत निष्काळजीपणा केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ती शिक्षा कुठलीच कंपनी आपल्या वतीनं भोगत नाही. मोठं, तापट कुत्रं आणि गर्दीची सोसायटी असा योग असेल तर ही जोड उपचारांइतकीच मोलाची.

न्यू जर्सीच्या ताईचा सल्ला

आमची एक मावसबहीण न्यू जर्सीला असते. तिनं ठासून सांगितलं, “विमा घेच. आमच्याकडे साध्या ऑपरेशनला हजारो डॉलर लागतात.” तिच्यासाठी ते बरोबरच आहे. इंग्लंडमध्येही एकच आजार वर्षानुवर्षं चालला तरी दर वर्षी मर्यादा नव्यानं उघडणाऱ्या आजीवन पॉलिसी मिळतात. अर्थात वयाबरोबर त्यांचे हप्ते असे वाढतात की माणसं हैराण होतात.

पण तिथलं गणित इथं जसंच्या तसं आणता येत नाही. इथं बिल त्यांच्या मानानं लहान, पॉलिसीची मर्यादा त्याहून लहान, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी पशुवैद्यकीय चिकित्सालय नाममात्र फीत तपासतं. परळचं रुग्णालय किंवा पशुवैद्यकीय महाविद्यालयांचे दवाखाने यांच्याकडे हात जोडून उभं राहिलं तर खर्च निम्म्याहून खाली येतो. रांग असते, रात्री अकराला सोनोग्राफी मिळेलच असं नाही, पण ठरलेल्या वेळी करायच्या ऑपरेशनला तो मार्ग उत्तम आहे.

मग मी काय ठरवलं

चिकूच्या नावानं एक वेगळं खातं उघडलं, बोनसमधले ४० हजार टाकले, दरमहा दीड हजार चालू केले. मग दोन कंपन्यांना ईमेलवर तीन प्रश्न विचारले. मर्यादा आधी की को-पे आधी? दिवसभर सलाईन लावून रात्री घरी आणलं तर चालतं का? नूतनीकरण कितव्या वर्षी थांबतं? एका कंपनीनं तीनही उत्तरं दिली. दुसरीनं रंगीत माहितीपत्रक पाठवलं, त्यात एक गोल्डन रिट्रीव्हर गवतावर हसत होता.

उत्तर दिलेल्या कंपनीचा फॉर्म सध्या माझ्यासमोर आहे. चिकू चार वर्षांचा आहे, त्याची शांत वर्षं चालू आहेत, आणि सिंहगडावर कणसं दर पावसाळ्यात भाजतात. आतड्याचं ऑपरेशन मी फॉर्मवर खरं लिहिलंय. ते लपवून घेतलेली पॉलिसी पहिल्याच क्लेमला फाटते. मृत्यूच्या जोडीवर फुली मारली, कुत्रा कुणाला चावला तर भरपाई देणाऱ्या जोडीवर खूण केली. एका रकान्यापाशी मात्र अडले: ‘प्राण्याची बाजारातील अंदाजे किंमत’.

दादाला फोन लावून विचारलं, स्कूटरखाली सापडलेल्या कुत्र्याची किंमत काय लिहू?

तो म्हणाला, “लिही की बासष्ट हजार. पावती हाय न्हवं तुझ्याकडं?”